केसालाही धक्का

एक मंगळवार सोडून दुसऱ्या मंगळवारी, सव्वादहाला,
वॉल्टर सोअरबी ग्लेनिसला घेऊन येतो
कोटाच्या आत, बटणं लावून,
बाहेर फक्त नाक.
टेबलावर ठेवताना म्हणतो, सांभाळून हं.

मी मनात म्हणते, आजोबा,
हिच्या केसालाही धक्का लागणार नाही.
आणि मग ओठ चावते,
कारण केस म्हणजे डोक्यावर एक झुबका,
शेपटीच्या टोकाला थोडे, पायांत मोज्यांसारखे.
बाकी सगळी उघडी. करडी, गुलाबी,
पाठीवर चहा सांडल्यासारखे डाग,
आणि ग्रिम्सबीचा वारा तर समुद्रावरून थेट येतो,
मध्ये कुणाला विचारत नाही.

शाम्पू औषधी, अठरा पौंड, सहा आठवडे.
मलम तान्ह्या बाळांचं,
कुत्र्याचं चित्र असलं की तेच दुप्पट.
उन्हाचं क्रीम, पण झिंक नको, चाटलं तर विष.
(इंग्लंडात ऊन? कुत्रीला क्रीम?
मिरजेहून बहीण हसता हसता खोकायला लागली,
मग म्हणाली, मला पाठव एक.)
पाठीवर काळे दाणे येतात
दहावीतल्या पोराच्या नाकावर येतात तसे.
गरम फडक्यानं मऊ करायचे,
नख लावायचं नाही, बोटाच्या गादीनं,
एकेक.
अर्धा तास. बावीस पौंड.

विम्याच्या कागदावर लिहिलंय: त्वचा वगळून.
मी दोनदा वाचलं.
हिच्यातून त्वचा वगळली तर राहतं काय,
झुबका?

आमच्याकडे कंजुषाला म्हणतात,
चमडी जाईल पण दमडी जाणार नाही.
वॉल्टर मोहरीच्या जुन्या डब्यातून
दमड्या मोजतो, एकेक पौंडाच्या,
चमडी राहावी म्हणून. तीही दुसऱ्याची.
ग्लेनिस मुळात त्याच्या बहिणीची, डोरीनची.
डोरीन गेली, मागे ठेवून
तीन स्वेटर, प्रदर्शनातल्या सात फिती
आणि ही.

त्याचे स्वतःचे कोपर पांढरे पडलेत,
बाही वर झाली की
सुकटीच्या खवल्यासारखं काही झडतं.
उरलेलं मलम मी पुढे केलं एकदा.
नको, म्हणाला, ते तिचं आहे.

जानेवारीत मी बिलातून दाण्यांची ओळ गाळली.
मुद्दाम. बोलले काही नाही.
त्यानं चष्मा पुसला, बिल वाचलं,
परत वाचलं,
माझंच पेन मागून घेतलं
आणि खाली थरथरत्या अक्षरात लिहिलं,
काळे दाणे, बावीस.
बेरीजही त्यानंच केली.
माझे कान तापले.

तेव्हाच बोलला तो, पहिल्यांदा एवढं.
की तीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात काढली,
ट्रॉलरवर बर्फ चढवला, बोटं अजून नीट मिटत नाहीत.
आणि ही बघ, हात लाव, भट्टी आहे नुसती.
केस नाहीत ना, मध्ये काही नाही,
सगळी ऊब थेट येते.
रात्री पांघरुणात पोटाशी घेतो,
हीटर बंद.
गॅसचं बिल गेल्या वर्षीपेक्षा चाळीसनं कमी.
म्हणजे चाळीस तिनं कमावले,
असं म्हणून त्यानं तिच्याकडे पाहिलं
पगारदार माणसाकडे पाहावं तसं.

चाळीसनं काही होत नाही, मला हिशेब येतो.
त्यालाही येत असणार.

कोटाची बटणं लागतात, नाक बाहेर.
दाराची घंटी वाजते आणि ते जातात
मासळी बाजाराच्या बाजूला, वाऱ्यात तिरके होऊन.
टेबलाच्या स्टीलवर
तिच्या पोटाएवढी ऊब राहते थोडा वेळ.
मी फडकं उचलते,
पण आधी तळहात ठेवते.
दारात पुढचा लॅब्रडॉर अंग झाडतोय,
ओला, केसच केस.