आठवी वस्तू

मी सातच पुरल्या होत्या.
घणसोलीत, शाळेच्या मागं, पंपाच्या खोलीलगत
सुतळीनं आखलेले चार चौकोन.
कुंभाराकडून आणून मुद्दाम फोडलेलं मडकं,
खाटकानं उकळून दिलेलं हाड,
आणि मधोमध तीन विटांची चूल,
अर्धी एका गटाच्या हद्दीत, अर्धी दुसऱ्याच्या.

सहावी ब. ब्रश, सुपली, टेप.
नियम एकच: शेजारच्या चौकोनाला विचारल्याशिवाय
उत्तर लिहायचं नाही.

"आमच्याकडं भिंत निघाली."
"भिंत कसली? आमच्याकडं राख आहे."
अर्धा तास नुसती हद्दीची भांडणं.
मग जिनी थॉमसनं कुणाला न विचारता
मधली सुतळी सोडली.

चूल दिसली सगळ्यांना.
मी वहीत बरोबरची खूण करणार, तेवढ्यात
मुबिना म्हणाली, बाई, हे तुमचं नाही वाटत.

तळहातावर भाजक्या मातीचा गोळा,
लिंबाएवढा, आरपार भोक.
माझी उत्तरांची यादी पर्समध्ये होती.
यादीत हा नव्हता.
मला माहीत नाही, मी म्हणाले,
आणि वर्ग पहिल्यांदा खरोखर गप्प झाला.

मणी? फार जड.
खेळण्यातलं चाक? गडगडवून पाहिलं, लंगडतं.
प्रणित मढवीनं भोकात बोट फिरवलं:
एकाच बाजूला झिजलंय.
म्हणजे दोरी. म्हणजे काहीतरी लोंबत होतं, वर्षानुवर्षं.
बादलीत सोडला. सरळ तळाशी.

पाणी भरायला आलेल्या नामीमावशी थबकल्या.
"ह्यो त जाल्याचा. माझे बापाचे जाल्याला व्हते असे."

"म्हणजे इथं खाडी होती!"
"नाही रे, ही माती भरावाची. ट्रकनं आलीय."
"मग गोळा खोटा?"
प्रणित बराच वेळ खड्ड्याकडं बघत राहिला.
"गोळा खरा. जागा खोटी."

हे मला बी.ए.ला दोन वर्षं लागली होती कळायला.

नोंदवहीत लिहिलं त्यांनी:
वस्तू आठ. वजन, रंग, भोकाचा व्यास.
कोणत्या थरात, या रकान्यात
जिनीनं पेन टेकवलं, उचललं,
रकाना तसाच.

शाळा सुटली. फाटकापाशी घोळका,
पालक वैतागलेले, रिक्षावाले हॉर्न मारताहेत.
रस्त्याच्या कामावरचा डंपर अडवून
मुबिना टाचा उंचावून विचारतेय,
काका, ही माती कुठली?