कामाचं बोलायचं नाही

डाव्या खिशात चाव्या, हातात बावीसचा पाना
आणि कमरेला, पट्ट्यात अडकवलेला तो.
"काय बे टेकाम, पोलिसात लागला का?"
"फॉरेस्टवाल्यायचा दिसते. उचलून आणला असन."
किराणावाल्या गुल्हाने काकांना वाटतं
याच्यातून क्रिकेट ऐकू येतं,
मी मुद्दाम स्कोअर सांगत नाही.

रोज पावणेसहाला ग्रामपंचायतीची टाकी चढतो.
त्रेसष्ट पायऱ्या, सातवी अर्धी तुटलेली.
झाकण उघडून पाणी पाहतो, वहीत आकडा लिहितो,
मग दोन मिनिटं माझी.
आमच्या सपाट मुलखात हीच टेकडी.

बटण दाबून नाव सांगतो, म्हणजे अक्षरं सांगतो,
सरकारनं दिलेली, माझ्यापुरतीच,
दुसऱ्या कोणत्याच टेकामची नाहीत.
बहुतेक दिवशी नुसती खरखर,
दूर कुठं चक्कीत ज्वारी पडावी तशी.
कधी कारंज्याहून ताकसांडे सर येतात,
निवृत्त तारमास्तर,
शब्दाला अजून पैसे पडतात अशा हिशेबानं:
"आवाज चांगला. इकडे धुकं. चहा व्हायचा आहे. ओव्हर."
पाच वॅट आहेत माझे.
देवघरातला लाल बल्ब असतो तेवढे.
आणि पस्तीस किलोमीटरवर एक माणूस
चहाची वाट पाहतोय हे मला कळतं.

सरांनीच सांगितलं होतं, नागपूरची परीक्षा झाली तेव्हा,
खिशात लपवू नको. कामावर ने. दिसू दे.
बोर लाल झाली की पोरं आपणच ढेकळं मारतात.

चार वर्षं झाली.
ढेकळं पडली.

सरपंचबाई मीटिंगात म्हणाल्या,
"मंग याच्यावरच सांगत जा ना,
कोणत्या वार्डात पाणी सोडलं ते."
म्हटलं ताई, नाही चालत. लायसन तसं आहे.
नोकरीचं, धंद्याचं, कामाचं बोलायचं नाही याच्यावर.
"मंग कामावर काहून घेऊन फिरता गा?"
सगळे हसले. मीही हसलो.
उत्तर दुसऱ्या दिवशी जिन्यात सुचलं,
बाविसाव्या पायरीला:
असंच कोणी विचारावं म्हणून.
पण तिथं ऐकायला एक पारवा होता.

मग आचल उईके आली, आठवीतली, तक्रार घेऊन.
"आमच्या नळाले बारीक धार आहे."
बरं, पाहतो म्हटलं.
ती गेली नाही. कमरेकडे पाहत राहिली.
"हे कोनाशी बोलते?"

काय आहे, केवढ्याचं आहे,
सगळ्यांनी विचारलं होतं.
कोणाशी, हे कोणीच नाही.
"जो ऐकत असन त्याच्याशी," मी म्हटलं,
आणि मलाच ते पहिल्यांदा नीट समजलं.

कानाशी धरून तिनं पाच मिनिटं खरखर ऐकली.
कंटाळली नाही.
निघताना तिला त्र्याहत्तर शिकवलं.
आमच्यात उठताना राम राम म्हणतात तसं:
दोन रेघा, तीन टिंबं.
तीन टिंबं, दोन रेघा.
तिनं तळहातावर पेनानं लिहून घेतलं.

गुरुवारी व्हॉल्व्हच्या खड्ड्यात उतरलो.
छातीइतका खोल, ओल, दोन बेडक्या.
तिथं माझ्या रेडिओला काहीच लागत नाही.
पाना लावला, फिरवणार तोच
पाइपातून आवाज आला.

खर्र. खर्र.
टक टक टक.

थांबलो.
टक टक टक.
खर्र. खर्र.

लोखंडावर टिंब वाजवता येतं,
रेघ कशी वाजवायची हे मी कधी शिकवलं नव्हतं.
ती चमच्यानं नळ घासत होती.

मी पान्यानं तेच परत पाठवलं,
हात थोडा थरथरला, एक टिंब जास्त गेलं.
मग व्हॉल्व्ह सोडला
आणि पाण्याच्या घुर्रघुर्रीत बाकी सगळं बुडालं.

तिच्या नळाला धार अजून बारीकच आहे.
त्याबद्दल ती काहीही बोलली नाही.