दोन सुतं

उद्यमनगरात लेथवर चाळीस वर्षं काढली,
म्हणून मला सूत कळतं.
इंचाचा आठवा भाग.
तेवढ्यानं शाफ्ट बसत नाही, बेअरिंग ओरडतं,
मालक आईवरनं बोलतो.

सुट्टीच्या दिवशी मी लाइनमन.
समोर फक्कीची रेघ,
पाठीमागं शाहू स्टेडियमच्या पायऱ्या,
आणि पायऱ्यांवर बसून माझा उद्धार करणाऱ्या
सगळ्या पेठा.

आता रात्री गंगावेशीत दूध प्यायला जातो.
तिथं म्हातारे पेल्यात मिशा बुडवून सांगत असतात,
हिंदुराव इंगवलेसारखा फॉरवर्ड परत होणे नाही.
पंचवीस यार्डांवरनं मारला, जाळी फाटली.
गेल्या वर्षी वीस होते.
असंच चाललं तर दिवाळीपर्यंत
तो रंकाळ्यावरनं मारेल.

पोरं मोबाइल पुढं करतात.
हा बघा सुफियान मुजावर. हा डाव्यानं, हा उजव्यानं,
हा उलटा पडून. आणि तुमच्या हिंदुरावचं काय हाय?
एक फोटो.
तालमीत, मारुतीच्या शेजारी, हारासकट.
त्यातही डोळे मिटलेले.

मी दोघांनाही रेघेवरनं बघितलंय.
हिंदुराव पहाटे सायकलवरनं रतीब घालायचा,
थोरल्या भावाचे बूट, पुढं कापूस कोंबून.
बॉल मागं गेला की हा मध्यावर उभा,
कमरेवर हात, गालात तंबाखू,
रिक्षाची वाट बघत असल्यागत.
सुफियान मागं येतो. बॅकचा बॉल काढतो,
परत पुढं पळतो, नव्वद मिनिटं,
पोपटी बुटांत, मोजून अंडी खाऊन.
खरं सांगू?
हिंदुरावला आज कुणी बाकावरही बसवला नसता.

पण मार्चच्या फायनलला सुफियानची पेनल्टी खांबाला लागली.
अकरा सेकंदांचा व्हिडिओ.
कुणीतरी त्याला रडकं गाणं लावलं.
त्याच्या बहिणीच्या हळदीत
नवऱ्याकडच्या एकानं तोच लावून दाखवला.

हिंदुरावनं बाहेर मारल्या नाहीत होय?
मी मोजल्यात. एका हंगामात सतरा.
एक तर थेट शेंगावालीच्या पाटीत.
कुठायत त्या सतरा?
ज्यांनी बघितल्या ती माणसं एकेक करून
पंचगंगेवर गेली, जाताना घेऊन गेली.
गोल तेवढा मागं ठेवला,
पोराबाळांना जमीन ठेवावी तसा.

आणि तो गोल.
यार्ड सोळा. जाळी आधीपासनंच फाटकी.
आणि हिंदुराव दोन सुतं पुढं होता.

धावत्या माणसाचं सूत मोजता येतं का,
असं विचाराल. लेथवाल्याला येतं.
झेंडा उचलायला पाहिजे होता.
माझी तालीम पलीकडची, हरलो तर आमचंच नाक जाणार.
पण त्यानं बॉल छातीवर घेतला
आणि तो खाली पडायच्या आत
असा काही वळला,
की हातात झेंडा आहे हेच ध्यानातनं गेलं.
भानावर आलो तेव्हा लोक मैदानात शिरले होते
आणि दुधाच्या किटल्या वाजत होत्या.

पन्नास वर्षं हे कुणाला बोललो नाही.
म्हाताऱ्यांनी मला पेल्यात बुडवला असता.

परवा सकाळी मैदानाकडं गेलो.
सुफियान एकटाच. बारा यार्डांवर बॉल ठेवतो,
मारतो, आणायला जातो, परत ठेवतो.
एक माझ्याकडं आला. मी पायानं थांबवला,
गुडघ्यातनं कळ गेली.

"चाचा, तुम्ही इंगवल्यांना बघितलंय म्हणं.
खरंच तसं होते?"

दोन सुतं ओठांपर्यंत आली.
गिळली.

"सतरा बाहेर मारल्या त्यानं," मी म्हटलं, "एका सीझनला."

"सतरा?"

"शेंगा सगळ्या सांडल्या. बाई त्याच्या घरापर्यंत गेली पैसे मागत."

तो हसला नाही.
बॉल हातात घेऊन जरा वेळ उभा राहिला,
मनात कायतरी मोजत.
मग ठेवला, चार पावलं मागं गेला.

मी रेघेवर जाऊन उभा राहिलो,
सवयीनं,
हात मागं बांधून.