तेरा महिने

परभणीचा पारा सहावर आला की
स्टेशन रोडला, नाल्याच्या कडेनं
यांगझोमबाईचा तंबू लागतो.
माल लुधियानाचा. माणसं मुंडगोडची.
त्याआधीची कुठली,
हे ती भावात धरत नाही.

दिगंबरकाका माकडटोपी ओढून बघतात.
रझाकारांच्या दिवसांत हे बाभळबनात लपलेले,
आईनं तोंडावर हात दाबून धरलेला.
"आमचं बी असंच झालतं, बाई.
सगळा देश सुटला, आम्ही राहिलो.
तेरा महिने!"
बोटं पुरली नाहीत, म्हणून
तिच्याच माळेचे मणी सरकवून दाखवले.

ती बघत राहिली, कुठल्या मण्यावर थांबतात ते.
"तेरा," म्हणाली. मराठीत.
पुढचे मणी बरेच होते.
माळ मनगटाला गुंडाळली
आणि टोपीचे तीस रुपये कमी केले, न मागता.

"घरी कधी जाणार?"
"फेब्रुवारीत."
स्वेटरची एक बाही आत दुमडली, मग दुसरी.
"मुंडगोडला," ती म्हणाली,
जणू काकांनी
दुसरंच काही ऐकलं असावं.

ऊन चांगलं वर आलं होतं.
काका टोपी घालूनच घरी गेले.