अठ्ठावीस दिवस

पत्र मंगळवारी आलं, गॅसच्या बिलाखाली दडून.
'मिसेस ऑर्मरॉड, आमच्या नोंदीनुसार
आपण या वाहनाच्या धारक आहात.'
धारक!
अकरा वर्षं मी उगीच मालकीण समजत होते स्वतःला
त्या निळ्या होंडाची.

'नऊ मार्च, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं,
एम बासष्ट, पश्चिमेकडे जाणारी बाजू.
त्या वेळी वाहन कोण चालवत होते?
अठ्ठावीस दिवसांत कळवावे.'

रस्त्याचं काम चालू होतं. नारिंगी शंकूंची रांग
आणि मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या गाड्या.
सेल्विन म्हणतो, पाय ब्रेकवरच होता. असेलही.
आवाज झाला तो एवढाच,
की शेजारच्या खोलीत कुणी जाड पुस्तक खाली ठेवावं.

पुढच्या व्हॅनमधला माणूस कडेला थांबून उतरला.
म्हटलं, आता शिव्या.
पण तो आमच्याकडे आलाच नाही. बंपरकडेही बघितलं नाही.
मागचं दार उघडून, वाकून मोजत बसला:
शर्यतीची कबुतरं, वेताच्या टोपल्यांत, चोवीस.
सगळी एकदम घुमत होती,
ट्रकांच्या घरघरीतही ऐकू येत होती.
'ठीक आहेत,' तो म्हणाला, 'ह्यांना फक्त
घर कुठे आहे ते आठवलं की झालं.'
आणि माझ्याकडून एक पेपरमिंट घेऊन गेला.

त्याच्या शेजारी बसलेल्या भाच्याची मान
तिसऱ्या दिवशी दुखू लागली. म्हणून हे पत्र.

चौकट लहान आहे. माझं नाव बसेल एवढी.
एकेचाळीस वर्षं मीच तर करत आले
त्याच्या बहिणीच्या नाताळच्या कार्डांवर त्याची सही.
माझ्या लायसन्सवर एक डाग नाही,
तीन गुण मला सहज पचतील.
त्याला नाही पचणार. मग कुणीतरी म्हणेल,
मिस्टर ऑर्मरॉड, ही समोरची पाटी वाचा बघू.

पाट्या मी वाचते.
गेल्या हिवाळ्यापासून, मोठ्यानं, गंमत केल्यासारखी:
'रॉचडेल एक मैल. अगंबाई, पन्नासची मर्यादा.'
आणि तो, 'दिसतंय गं, दिसतंय.'
चहा कपाच्या बाहेर पडला की
आम्ही दोघंही कपालाच नावं ठेवतो.
खुंटीवरच्या माझ्या कोटाला एकदा त्यानं
'या, बसा' म्हटलं. त्यावर मी हसले होते.

तर वाहन कोण चालवत होते?
स्टिअरिंग त्याच्या हातात, डोळे माझे.
अशी चौकट छापलेली नाही.
आणि दोन वाजून दहा मिनिटांनी
मी पर्समध्ये मान घालून पेपरमिंट शोधत होते.
हेही कुणी विचारलेलं नाही.

विसावा दिवस. तो परसातून आला,
नखांत माती, हातात दोन लीक.
टेबल चाचपडलं, कागदावर बोट ठेवलं.
'वाच.'
मी वाचलं. कबुतरं कागदात नव्हती, तीही सांगितली.
'माझं नाव लिही.'
'सेल्विन, मी म्हणत होते—'
'माझं. काळ्या शाईनं मागतात ना?'

मी लिहिलं. सही जिथून सुरू करायची
तिथे माझं बोट ठेवलं.
त्याचा एस नीट उतरला.
बाकीची अक्षरं हळूहळू वर चढत
चौकटीबाहेर गेली, आणि शेवटचा डी
आमच्या मेणकापडावर पडला.
अजून आहे तिथे. स्पिरिटनंही निघत नाही.

खाली चार ओळी मोकळ्या होत्या,
'अन्य माहिती असल्यास'.
त्यात काय लिहिलं ते मी त्याला वाचून दाखवलं नाही.

पाकीट घेऊन तो एकटाच निघाला.
मी खिडकीत.
चर्चचा कोपरा, बेकरी, मग उताराला लाल पेटी.
दिसत नाही ती त्याला, आता मला माहीत आहे.
तिच्यासमोर बरोबर थांबला,
हात उचलला,
आणि पाकीट एकदाही अडखळलं नाही.