मक्याच्या पिठाचा डबा

नेरमिन बाईंनी गोळ्या दिल्या नाहीत,
रागावल्याही नाहीत.
चौकटींची वही दिली, गणिताची असते तशी.
रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिही, म्हणाल्या,
आणि प्रत्येकीपुढे : ती का घडली.

पहिल्या रात्री लिहिलं :
चहा गरम होता.
चहा गरम होता.
तिसरी सुचेना.
उशीखाली फोन गुरगुरत राहिला,
उपाशी मांजर दाराशी घुटमळावं तसा.

गिरेसूनवर तेव्हा धुकं होतं,
समुद्र ऐकू यायचा, दिसायचा नाही.
मीही घरात तसाच.
एल्वान म्हणायची, तुझ्याशी बोलणं म्हणजे
बंद दुकानाच्या काचेवर टकटक करणं;
आत दिवा तेवढा चालू.
ती गेली तेव्हा माझा अंगठा
पडदा वर सरकवत होता.
दार वाजलं, ते त्याला कळलंच नाही.

पुढच्या खेपेस बाईंनी विचारलं,
तुझ्यात चांगलं काय आहे?
मला हसू आलं.
वाईट विचारा की, तोंडपाठ आहे :
किती तास, कुठले खेळ, पहाटेचे किती वाजले.
बऱ्याच वेळाने म्हणालो,
मला हेझलनट फोडता येतात, एका फटक्यात,
आतला दाणा न दुखवता.
कुणी शिकवलं?
बाबांनी.
त्यांच्याशी शेवटचं कधी बोललास?
मी वहीच्या चौकटी मोजत बसलो.

ऑगस्टमध्ये डोंगरावर गेलो, तोडणीला.
बाबांनी काही विचारलं नाही,
टोपली पुढे केली.
रात्री फोन मक्याच्या पिठाच्या डब्यात पुरला,
तर म्हणाले, उद्या भाकरीतून घंटी वाजेल!
कितीतरी वर्षांनी आम्ही
एकाच गोष्टीला हसलो.
ती पहिली ओळ, जी लिहिताना
पेन्सिल थांबली नाही.

सगळं सुरळीत झालं असं नाही.
परवा पीठ झटकून पुन्हा
तीन वाजेपर्यंत जागलो.
तेही लिहिलं, समासात.

कालचं पान :
पाठ दुखतेय, पण कामाने.
बाबांनी माझ्या वाटची साय मला दिली.
एल्वानने दार उघडलं.
आत ये म्हणाली नाही. उंबऱ्यावरच
दहा मिनिटं, हेझलनटांची पिशवी मधे धरून.

का घडलं?
मी बेल वाजवली.
आणि ती येईपर्यंत
हात खिशात घातला नाही.