रद्दी

पेपर जालन्याहून येतो, गोणीत, किलोवर.
जुना. कधी गेल्या दिवाळीचा,
कधी पडलेल्या निवडणुकीचा.
आम्ही अकरा बाया. एका घडाला अर्धं पान,
वर स्टेपलरची एक पिन, खाली तोंड उघडं:
वारा खेळला पाहिजे, थंडी नको.
मंदोदरी म्हणते, आपल्याला मफलर नाही,
अन् घडाला पेपर बघा.
हसतो. हात थांबत नाहीत.
दिवसाला सहाशे घड,
जिचा हात बसला तिचे आठशे.

मधेच वाचणं होतं.
सोन्याचा भाव, हरवलेल्या म्हशी, नवरी पाहिजे.
पाचव्या ओळीत माझ्या हाती हवामान आलं:
'मराठवाड्यात कोरडे हवामान राहील.'
तारीख गेल्या वर्षीची.
तेच पान गुंडाळलं खोडाजवळच्या घडाला,
म्हटलं, राहू दे, शब्दाला जागेल.

संक्रांत झाली अन् पारा सातावर आला.
दाभाडे मालक पहाटे चारला टॉर्च घेऊन
मांडवात टांगलेला काटा बघायचे,
परत यायचे, परत जायचे.
मालकीणबाई बोलल्या,
लेकीच्या बाळंतपणात एवढ्या खेपा नव्हत्या घातल्या.
चौथ्या रात्री ओळीओळीत पऱ्हाट्या पेटवल्या.
ठिबक सोडलं, विहिरीचं पाणी कोमट असतं म्हणून.
धूर वेलीखाली बसला, म्हातारे बसतात तसा,
उठायचं नाव नाही.
आमचे डोळे दोन दिवस लाल.

मण्यात पाणी उतरलं की तो नाजूक होतो.
दिवसा तीस, रात्री सात,
हे त्याला सोसत नाही.
हिरवा मणी गुलाबी पडतो.
आधी एक, कडेचा. मग शेजारचा.
मग पेपर फाडून बघायची भीती वाटते.

गुलाबी.
लुगड्याला हा रंग आला असता
तर मोंढ्यातल्या दुकानात भाव वाढला असता.

नईमभाई दोन बोटांत घड फिरवतात.
"हा बाहेरचा माल नाही."
बाहेर म्हणजे समुद्रापलीकडं.
आत म्हणजे जालन्याची मंडई,
अन् त्याच्याही आत बेदाण्याची जाळी,
जिथं रंगाचं कुणी विचारत नाही.

त्यांच्या खिशात एक नळी असते.
मण्याचा थेंब काचेवर, झाकण,
एक डोळा मिटून तोंड सूर्याकडं.
"अठरा." पुढच्या ओळीत "साडेसतरा."
गुलाबी घडाला "एकोणीस."
मी म्हटलं, मग हाच जास्ती गोड की.
"गोड आहे ताई. रंग नाही."
मालक बांधावर बसले होते,
बुटाला लागलेली माती काडीनं काढत.
फार वेळ काढत होते.

मंदोदरी म्हणाली, आम्हाला बी दाखवा.
नळी आधी माझ्या हाती आली.
वर निळं, खाली पांढरं, मधे एक सरळ रेघ:
माळावर उभं राहून पाहिलं
तर सकाळी जसं दिसतं तसं,
फक्त झाड नाही, ढग नाही, माणूस नाही.
आकडा बघायचा राहूनच गेला.

मग पाचवी ओळ.
माझा घड मीच उघडला.
पान दवानं भिजून मण्यांना चिकटलेलं,
'कोरडे' एवढा शब्द ओला,
त्याची शाई लवेवर उलटी उमटलेली.
अर्धा घड हिरवा, अर्धा गुलाबी.
नईमभाईंनी तो क्रेटच्या बाहेर ठेवला,
रागानं नाही, हळूच.

तो मला मिळाला.
घरी पोरांनी आधी गुलाबी मणी वेचून खाल्ले,
हिरवे ताटलीत तसेच.
रात्री परत आठ सांगितलंय.
पान चुलीपाशी वाळत घातलं मी,
घडी करून ठेवीन.
वरच्या प्लॉटची छाटणी उशिराची आहे,
तिथं लागेल.